गुळाचं पाणी आणि मेंढीची पिशवी

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे आधारस्तंभ दादासो, व्यासपीठावर विराजमान झालेले पाटील आणि शाळाखात्याचे साहेब, आजचे सत्कारमूर्ती जोतीराम गुरुजी, समोर बसलेल्या माता-भगिनी, आणि मागं भिंतीला टेकून विडी लपवणारी समस्त मंडळी, या पेन्शनर सुभेदार लालासाहेबाचा सर्वांना रामराम.

गुरुजी स्वखुशीनं आपल्या मुलखात, वडूजला परत चाललेत, तेव्हा चार बरे शब्द बोला, असं मला कमिटीनं सांगितलंय. बोलतो.

गुरुजींनी आपल्या पोरांना काय शिकवलं? पेशी शिकवली. सांगलीच्या कॉलेजातून सूक्ष्मदर्शक उसना आणला आणि कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. मीही वाकून बघितलं. विटा रचाव्यात तशी घरंच घरं. एकेक घर म्हणजे एकेक पेशी. आत एक ठिपका होता. सगळा कारभार या ठिपक्यातून चालतो, असं गुरुजी म्हणाले. आपल्या शाळेच्या कमिटीत तसा ठिपका अजून कुणाला सापडलेला नाही, ते असो.

त्या पेशीला म्हणे एक पातळ पडदा असतो. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, ते तो बघतो. पलटणीत मी आयुष्यभर माणसं पहाऱ्यावर उभी केली, पण तंबाखूवर न विकला जाणारा असा शिपाई मला भेटला नाही.

आता हा पडदा डोळ्यांना दिसत नाही, मग पोरांना पटवायचं कसं? गुरुजी धनगराघरचे. त्यांनी मेंढीच्या मुताची पिशवी स्वच्छ धुऊन आणली. माता-भगिनींनी माफ करावं, त्या वस्तूला दुसरं नाव मला येत नाही. तीत गुळाचं पाणी भरलं, तोंड बांधलं आणि साध्या पाण्याच्या पातेल्यात सोडली. शाळा सुटेपर्यंत पिशवी टम्म फुगली. भोक नाही, फट नाही, मग पाणी आत शिरलं कुठून? पडद्यातूनच शिरलं. पाण्याला वाट मिळाली, गुळाला मात्र सहजी बाहेर पडता येईना. पोरं नाचत घरी गेली.

घोळ पुढं झाला. तो गूळ होता दादासोंच्या गुऱ्हाळाचा. त्यांची नात अंजना हौसेनं घेऊन आली होती. पोरांनी घरी सांगितलं, आयांनी विहिरीवर सांगितलं, माधवनगरच्या गिरणीत जाणाऱ्या गड्यांनी पुढं नेलं. सांगलीच्या पेठेत गोष्ट पोचली तेव्हा दादासोंचा गूळ मेंढीच्या मुताच्या पिशवीत मुरवतात, असं अडते एकमेकांना सांगत होते. हसू नका गड्यांनो, अध्यक्ष बसलेत. मलाही आवरत नाही, पण मी दाबून धरलंय.

त्याच आठवड्यात दादासोंनी अंजनाचं नाव शाळेतून काढलं, आणि गुरुजींना एकाएकी गावची ओढ लागली. काल मी त्यांना गाठून विचारलं, "आवं गुरुजी, तुमची जायाची इच्छा हाय का?"

ते खाली बघून म्हणाले, "न्हाई, सुभेदार. पोरांना अजून लय दाखवायचं राहिलंय."

दादासो, आपण एका ताटात मटण जेवलेली माणसं. तेव्हा मेंढीची आपल्याला कधी शिसारी आली नाही. तुमच्या गुळाची बदनामी झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती कशानं थांबली? परवा तुमच्या ओसरीवर अडत्या आला, तेव्हा अंजनानं दाराआडून त्याला पडदा, पाणी, गूळ सगळं समजावून दिलं. तो मान डोलवत ढेपा घेऊन गेला. हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि सांगताना तुमची छाती फुगली होती. ती पोरगी हे शिकली कुणाकडं?

असो. आपण सर्वांनी माझं फौजी बोलणं ऐकून घेतलंत, उपकार आहेत. कुणाचा मानपान राहिला असेल, जीभ घसरली असेल, तर पोटात घाला. निरोपासाठी कमिटीनं माझ्याकडं दिलेला हार मी इथं टेबलावर ठेवतोय. दादासो, सोमवारी अंजना शाळेत येणार असेल, तर तो तुमच्या हातानं गुरुजींना घाला आणि त्यांना इथंच ठेवून घ्या. नसेल येणार, तर निरोप द्यायला दुसरा माणूस बघा. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही.