एकच नाव

डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरांनी आजोबांना बाहेर बसवलं होतं. मिटल्या डोळ्यांनी ते शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं ऐकत होते.

"एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी, आणि तू तिथली साहेबीण!"

"कसली साहेबीण, मावशी! वरून निरोप आला, टीममधला एक माणूस कमी करा. नाव तुम्हीच कळवा."

"अगं बाई! मग?"

"एकाच्या घरी बाळ आलंय, एकीचं लग्न ठरलंय. सगळेच जीव तोडून काम करतात."

"कुणाचं नाव दिलंस?"

"माझं."



"आईला सांगितलंस?"

"धीर होत नाही. तू सांगशील?"

"सांगेन की. पण तिला वाटेल, तुला काढलं."

"वाटू दे."

"वाटू दे काय? जसं घडलं तसंच सांगणार मी. चांगलं चारचौघांत!"