सत्कार जोडीनं करायचा असतो

आदरणीय अध्यक्ष अर्जुनराव, व्यासपीठावरील मान्यवर, आपल्या दूध संस्थेचे सभासद, माता-भगिनींनो आणि आज जिला निरोप द्यायचा ती आपली शिवकन्या,

मी दहावी नापास माणूस. इंग्रजी रेडिओ ऐकून आणि डिक्शनरी चाळून शिकलो. त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. दुष्काळात दूध आटलं, संस्थेचे कॅन पालथे पडले, तेव्हा याच हॉलमध्ये मी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. सुटे शब्द पाठ करू नका, जोडीनं शिका, हा माझा हट्ट. चहा 'स्ट्राँग', पाऊस मात्र 'हेवी'. 'स्ट्राँग रेन' म्हणणाऱ्याला मी उभं करायचो. त्यावर एकदा शिवकन्येच्या आई, केसरबाई म्हणाल्या, "सर, हेवीचं ऱ्हाऊ द्या, नुसतं रेन तरी येऊ द्या." सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

नीट समजावं म्हणून मी ऊसतोडीचा दाखला द्यायचो. आपल्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. शब्दांचंही तसंच, असं मी ठासून सांगायचो. समोर केसरबाई बसलेल्या असायच्या. त्यांचे मालक वारल्यावर त्यांनी अर्धा कोयता म्हणूनच ऊस तोडला, ही पोर शिकवली. आता पोर पुण्याला नोकरीवर निघाली. मग आईवडिलांच्या सत्काराला आज वर कोण बसलंय? चुलते रामकिसनराव आणि चुलती. का, तर सत्कार जोडीनं करायचा असतो. रामकिसनराव, रागावू नका, तुमचा यात दोष नाही. कार्यक्रम मी आखला. खुर्च्यासुद्धा मीच मांडल्या, दोरी लावून, एका रेषेत.

मघाशी केसरबाई दाराशी सतरंजीवर दिसल्या. इतक्या मागं का, म्हणून विचारायला गेलो. हळूच म्हणाल्या, "एकट्या शब्दाला कोन इचारतंय सर? तुमीच शिकिवलंय की."

तेव्हापासून माझी मान वर होत नाही.

केसरबाई, वर या. या ना.

त्या नको म्हणताहेत. बरोबर आहे त्यांचं. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी असेल तर शाल-नारळ घेऊन आपणच खाली जाऊ. शिवकन्या, तू पुढं हो बाई, शाल तुझ्या हातानं घाल.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. खुर्च्या मांडल्या त्याची माफी मात्र मी सभेकडं मागत नाही. ती मागायला दारापर्यंत जावं लागेल. जरा वाट द्या.