मान खाली, हेल्मेट भुईला

…न्हाई, तुमीच सांगा मला, बाईनं डोक्यात हेल्मेट घालायचं तर घमेलं ठेवायचं कुठं? आं? चुंबळ हेल्मेटच्या आत घालायची का वर? ह्यो माझा पयला प्रश्न हुता, हितंच, पाटणच्या ह्याच मंगल कार्यालयात, तुमी बसलाय त्याच खुर्च्यांवर बसून इच्चारल्याला, आनि तवा बी ह्यो पंखा असाच नुसता आवाज करत हुता, वारं काय देत नव्हता! हसू नगा. मॅडमनी सांगितलंय, "केरबामामा, नवीन बॅचला तुमचा अनुभव सांगा, पाच मिनिटं." आता मानसाची अब्रू कशी गेली हे पाच मिनिटात सांगून हुतंय व्हय? कमवायला तीस वरसं लागली वो. गेली मातुर एका शनिवारी, चहाच्या आधी.

तुमास्नी सांगतो, मी केरबा मिस्त्री, आष्ट्याचा. तीस वरसं थापी धरतोय. आनि मला शिकवायला कोन, तर क्रांती मॅडम, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची पोरगी, सांगलीवरनं येनार, बुटं घालून वाळूत फिरनार आनि म्हननार, "मामा, आपल्याला बांधकामाची संस्कृती बदलायचीय!" म्या म्हनलं, बाई, संस्कृती देवळात आस्ती, हितं खडी हाय. कुठल्याशा कंपन्यांनी मिळून पैसं घातल्यालं, म्हंजे शिकवनी फुकट, जेवान फुकट, बुडाल्याल्या हजेरीची बी भरपाई. आता एवढं फुकट म्हनल्यावर आपल्याला संशय येतोच का न्हाई? म्या तर पयल्या दिवशी पातळभाजीत बी संशयानं बघून घेतलं. पन इलाज नव्हता गड्यांनो, कारन हितनं फुडं दाखल्याबिगर सरकारी इमारतीला गवंडी घेनार न्हाईत म्हनं. कोयनंचा मुलूख, जमीन कवा हलंल त्येचा नेम न्हाई, खांबातल्या लोखंडी रिंगचं टोक आत वळवल्यालं पायजे, न्हाईतर खांब बसतोय मुरकुंडी घालून. म्या तीस वरसं ती टोकं भाईर ठेवली. वळवायचा कटाळा! आता रस्त्यानं जाताना माझ्याच इमारतींकडं बघवत न्हाई मला.

तर अटी तीन. एक, टोळीतली पाच मानसं आनायची, त्यात एक तरी बाई. दोन, शिव्या बंद. तीन, हेल्मेट, आनि त्येचा पट्टा हनुवटीखाली लावायचा. म्या म्हनलं, पट्टा कुत्र्याला लावत्यात मॅडम, मिस्त्रीला न्हाई. मग काय, नुसतंच ठेवलं डोक्यावर. वर बघितलं तर ऱ्हायचं, खाली बघितलं की टण्णदिशी फरशीवर! मान खाली, हेल्मेट भुईला. सारी बॅच वळून बघायची. मला वाटलं, आपल्याला काय, आपली मान कवा खाली जातीया?

आनि शिव्या बंद म्हंजे काय चेष्टा हाय व्हय? शिवी दिल्याबिगर भिंत चढत न्हाई वो! माल पातळ झाला, शिवी. ईट उशिरा आली, शिवी. ईट येळंत आली तरी एक शिवी, उद्या उशीर नको म्हनून. माझ्या गुरूनं मला तशीच शिकिवली, त्येला त्येच्या गुरूनं. आनि शिव्या बंद केल्यावर, तुमास्नी सांगतो, एक भलतंच उघड्यावर आलं. शिवी काढून घेतली, तर हाक मारायला माझ्याकडं कायच ऱ्हायलं न्हाई. नावंच म्हाईत न्हाईत ना कुनाची!

मॅडमनी फारम दिला. पाच जनांची नावं लिवा. गड्यांची लिवली कशीतरी इच्चारून. ऱ्हायली बाई. आता ही बाई म्हंजे कोन, तर धोंडिरामची बायको. चौदा वरसं माझ्या हाताखाली. चौदा! माझं पोरगं तिसरीत हुतं तवापासनं ह्या बाईनं मला ईट दिली, माल दिला, पानी दिलं. डोक्यावरनं इतकी घमेली वाह्यली की टाळूवरची केसं गेली तिची, इथं, हाताच्या तळव्याएवढी. आनि म्या तिला हाक काय मारायचो? "ए बाई!" लय लाडात आलो तर, "ए धोंड्याची!" माझ्या खिशातल्या हजेरीच्या वहीत "बाई एक." दुसरी आली की "बाई दोन." संपलं.

मॅडम डोक्यावर हुबी. "लिहा ना मामा, काय नाव त्यांचं?" धोंडिराम तिकडं उसाच्या ट्रॅक्टरवर. आनि ती बाई धा फुटांवर वाळू चाळत हुती. धा फूट! नुसतं "तुजं नाव काय गं" एवढंच इच्चारायचं. पन चौदा वरसांनी हे इच्चारायचं कुठल्या तोंडानं? तुमीच सांगा, इच्चारलं असतंसा तुमी? तू बोल रं ए निळ्या शर्टा… बघा, तुजं बी नाव म्हाईत न्हाई मला! तर म्हनलं, आता हितं लाज घालवन्यापरीस कायतरी लिवावं, मागनं बदलता येईल. आनि बाईचं म्हनून जे पयलं नाव डोक्यात आलं ते लिवलं. रंगूबाई. रंगूबाई धोंडिराम बनसोडे.

रंगूबाई कोन? माझी आई वो! वारून आठ वरसं झाली.

दुसऱ्या दिवशी हजेरी. "रंगूबाई बनसोडे?" कोन बोलतंय? ती आपली हिकडं तिकडं बघतीया, कोन म्हातारी आलीया काय म्हनून. म्या पाठीमागनं ढोसलं, "हजर म्हन! तूच ती! मागनं बघू!" ती बापडी म्हनली, "हजर." आनि खरं सांगू? दर सकाळी ते नाव घेतलं की मीच दचकून ताठ बसायचो. वाटायचं, आई आली आनि इच्चारतीया, "केरबा, काय करून ठिवलंस रं हे?" मग मान खाली, हेल्मेट भुईला.

तीनदा म्हनली ती मला. पयल्यांदा हळूच, "मिस्त्री, नाव तेवढं बदलून घ्या." म्या म्हनलं, उद्या. मग आधारची झेरॉक्स मागितली मॅडमनी, ती म्हनली, "मिस्त्री, आज देऊ का?" म्या म्हनलं, थांब, मी बोलतो आदी. तिसऱ्यांदा म्हनली तवा म्या वराडलो, "एवढी काय घाई हाय गं!" धा दिवस, रोज चहाच्या येळंला मॅडमच्या टेबलाजवळ जायचो, आनि साखर जास्त हाय म्हनून सांगून परत यायचो.

आता परीक्षा. परत्येकानं चार फूट भिंत बांधायची. म्या बांधली अशी झपाट्यानं, बिडी वडायला येळ उरला. मॅडमनी वरनं ओळंबा सोडला. ओळंबा भिंतीला टेकायचा सोडून लांब, आपला लटकतोय बिचारा वाऱ्यावर. "मामा, अर्धं बोट बाहेर आहे." म्या म्हनलं, वाऱ्यानं हलतोय तो. मॅडम म्हनल्या, "मामा, पंख्याला कुठं वारा आहे?" आनि मग गेल्या आमच्या बाईच्या भिंतीकडं. ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी चिकटून हुती, की… काय सांगू. सांधं एकसारकं, कोपरा काटकोनात. मॅडमनी इच्चारलं, "कुठं शिकलात?" तर म्हनली, "कामावरच. मिस्त्रीचं बघून. खालनं बघितलं की वरची चूक दिसती." चौदा वरसं ती खालनं बघत हुती वो! माझ्या एकूनएक भिंतीची चूक तिला ठावं हुती, आनि कवा बोलली न्हाई. बोलली असती तर काय झालं असतं? शिवी दिली असती म्या.

शनिवारी दाखलं वाटायचं. आनि त्यात एक मोठी गोष्ट. कोयनानगरला जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम निघाल्यालं, तितल्या लोकांनी मॅडमकडं मागितल्याला एक पक्का गवंडी. गवंडी, बरं का, बिगारी न्हाई! सोमवारी हजर व्हायचं, दाखला आनि आधार घेऊन. मॅडम म्हनल्या, "पहिला नंबर, आणि कोयनेचं काम… रंगूबाई धोंडिराम बनसोडे!" टाळ्या! ती उठली. नवं लुगडं नेसून आलती. हातात आधार. मॅडमनी आधार बघितलं, दाखला बघितला, परत आधार बघितलं. "यावर अंजना आहे. मग रंगूबाई कोण? तुम्ही दहा दिवस दुसऱ्याच्या नावावर बसलात का?"

अंजना. तवा कळलं मला, अंजना.

आनि हितं, गड्यांनो, हितं मी उठायला पायजे हुतो. उठून म्हनायचं हुतं, मॅडम, ही चूक माझी. अंजनानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. म्या काय केलं? मान खाली, हेल्मेट भुईला! आनि मी खाली वाकून ते हेल्मेट हुडकत बसलो. गावल्यालं हेल्मेट, हातात धरून, हुडकत बसलो! आनि वरनं तिचा आवाज आला, "माझीच चूक झाली मॅडम." मॅडम म्हनल्या, असा दाखला देता येत न्हाई. ती गेली. थापी फडक्यात गुंडाळून, यष्टी स्टँडकडं. मी खुर्चीखालीच हुतो.

रविवारी घरात बसलो हुतो भिंतीकडं बघत. आईचा फोटू वाकडा दिसला. उठलो, सरळ केला. तरी वाकडाच. ओळंबा लावून बघितला, तर फोटू सरळ हुता, भिंत वाकडी. माझ्याच हातची! बायकुला सगळं सांगितलं. ती पोळपाटावरचं लाटनं खाली ठेवून म्हनली, "आवं, तुमाला तिचं नाव म्हाईत न्हाई? हे घर बांधताना आत्याबाई रोज दुपारी दारातनं हाक मारायच्या की, 'अंजने, ये गं भाकरी खायला!' तुमी तितंच तर बसायचासा जेवायला." माझ्या आईला चार दिवसात नाव कळलं. मला चौदा वरसं ऐकू आलं न्हाई. तुमास्नी सांगतो, त्या दिवशी डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हनून, न्हाईतर ते भुईत रुतलं असतं.

सोमवारी सकाळी पयल्या यष्टीनं हितं. हापिसात उदयसिंह क्लार्क. म्हनला, "दुरुस्तीचा अर्ज करा, चुकीचं कारण लिहा." म्या म्हनलं, टायपिंगची चूक लिव. तो म्हनला, "टायपिंग कुठलं? मूळ फारम तुमच्याच अक्षरात आहे की!" मग म्हनलं, दे पेन. लिवलं. "सदर बाई माझ्याकडं चौदा वरसं कामाला हाय. मी तिला कवा नाव इच्चारलं न्हाई. लाजंनं माझ्या आईचं नाव लिवलं." खाली सही. त्या उदयसिंहनं ते मोठ्यानं वाचलं वो! साऱ्या हापिसात! एक बाई टाईप करता करता थांबली. हसलं कुनी न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं.

मॅडमनी तितल्या तितं दाखला बदलला, कोयनंला फोन केला, अंजनाला बी बोलावनं धाडलं. अंजना आली दुपारी. म्या म्हनलं, "चुकलं माझं." ती म्हनली, "व्हय." बास. तेवढंच. आनि गेली घाटानं वर, थापी घेऊन.

आनि मी? मी नापास! अर्ध्या बोटानं! दाखला न्हाई म्हनून हिकडं काम न्हाई, तिकडं काम न्हाई. शेवटी बिगारी म्हनून गेलो. कुठं? कोयनानगरला. तितं टोळीची मुकादम कोन? आता तुमी हसलासा तरी चालंल. हाय अंजनाच. तितं घमेलं डोक्यावर घ्यायचंच न्हाई, ढकलगाडी दिलीया तिनं समद्यांला. माझ्या पयल्या प्रश्नाचं उत्तर! चौदा वरसात एक ढकलगाडी सुचली न्हाई मला.

पयल्या दिवशी गेटवर पास भरायचा. ती फारम घेऊन बसल्याली. म्या आपला हुबा, आता इच्चारंल, "तुमचं नाव काय वो?" इच्चारावंच तिनं, म्हनलं, मोठ्यानं इच्चारावं चारचौघात, फिटंल तरी. तिनं वर बी बघितलं न्हाई. लिवत गेली. केरबा जोतीराम ढोले. गाव आष्टा. आनि आईच्या नावाच्या रकान्यापाशी जराशी थांबली. आनि लिवलं, रंगूबाई. मग हळूच म्हनली, "लय गोड भाकरी करायच्या."

झालं. मान खाली, हेल्मेट भुईला. तिनंच उचललं, माझ्या डोक्यात घातलं आनि म्हनली, "मिस्त्री, पट्टा लावा."

तवापासनं लावतो. ही बॅच मी बी करनार हाय तुमच्यासंगं, तिकडं शेवटची खुर्ची माझी, आनि बसन्याआदी परत्येकाला नाव इच्चारनार हाय. पट्टा लय चांगला निघाला, मान दिवसभर खाली ठेवली तरी हेल्मेट आता पडत न्हाई.