तिथं कुणी विचारलं नाही

(शिक्रापूरच्या चौकातला बसथांबा. केंदूरहून मोटारसायकलवर आलेले बाप-लेक पुण्याच्या बसची वाट बघत उभे.)

हौशीराम : मग त्यात माझं चुकलं काय? लोकं इचारत्यात, मी सांगतो.

राजनंदिनी : आप्पा, तुम्ही वरवंडला साखरपुड्यात सांगितलंत, भर पंगतीत. मामाच्या सारिकानं मला तिथूनच फोन केला. म्हणाली, तुझं लई कौतुक चाललंय. आईच्या मागं बापाला एकटं कसं ठेवू म्हणून पोरीनं लांबची मोठमोठी कॉलेजं सोडली आणि जवळ पुण्याच्या विद्यापीठात गेली. बायका डोळे पुसतायत म्हणाली.

हौशीराम : आन् तिचा बाप आधी काय बोलला, ते सांगितलं का तिनं?

राजनंदिनी : नाही.

हौशीराम : मग. तुझा मामा म्हणाला, दाजी, एवढ्या मोठ्या संस्थेत नंबर लागला व्हता. फी माफ, ऱ्हानं-खानं माफ. सारिकासारख्या पोरी त्यासाठी दोन-दोन वर्षं क्लास लावत्यात. आन् तुमची जाऊन बसली सरकारी विद्यापीठात. तिला तिथलं झेपनार न्हाई, असं वाटलं आसंल. आता तिथं मी तोंडात घास धरून गप बसू? मी म्हनलो, झेपनार न्हाई म्हनून न्हाई, माझ्यापायी थांबली ती.

राजनंदिनी : मामा काय म्हणतो त्याचं मला काही वाटत नाही.

हौशीराम : मग कशाचं वाटतं?

राजनंदिनी : तुम्ही सांगितलंत ते खरं नाही, आप्पा. मी तुमच्यासाठी थांबले नाही.

हौशीराम : बस आली वाटतं. न्हाई, ती पलीकडची. शिरूरला चाललीया.

राजनंदिनी : आप्पा.

हौशीराम : ऐकलं मी. ट्रक लई वाजत्यात, पर ऐकलं. मग कशापायी सोडलं? इंटरव्ह्यू तर चांगला झाला व्हता. मी खाली हॉटेलाच्या दारात हुभा व्हतो. तू आलीस, म्हनालीस, झालं चांगलं. आपन दोघांनी रस पिला.

राजनंदिनी : चांगलाच झाला. फार चांगला झाला. दोन बाई होत्या, एक सर. मी महिनाभर गणितं करून गेले होते, कुठलंही विचारलं असतं तरी सोडवलं असतं. त्यांनी एकच विचारलं. ते मी निम्मं सोडवलं असेल, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ते राहू दे, आता तुझ्याविषयी सांग. तुझा संघर्ष सांग. मी म्हटलं, तसा काही नाही, आमची शेवंती आहे, झेंडू आहे, पाणी बरं आहे. तर त्या एकमेकांकडं बघायला लागल्या. मग सरांनी विचारलं, आई काय करते? गेली म्हटल्यावर तिघं खुर्चीत पुढं सरकून बसले.

हौशीराम : मग?

राजनंदिनी : मग मी सांगितलं. किडनीचं सांगितलं, डायलिसिसला शिरूरला नेणं-आणणं सांगितलं. ते ऐकत होते. मला कळत होतं, आता जेवढं सांगीन तेवढं यांना हवंय. मग मी शेवटचा दिवसही सांगितला.

हौशीराम : मी फुलं घिऊन मार्केटला गेलो व्हतो.

राजनंदिनी : हो. दुपारी तिला काही ओळखू येईना. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मला आई म्हणाली. तिची आईच समजली मला. मी आधी म्हटलं, अगं मी नंदा. तिनं पुन्हा आई म्हणून हाक मारली, मग मी ओ दिली. तिचं डोकं मांडीवर घेतलं, केस विंचरले. म्हणाली, आई, मला घरी ने. मी म्हटलं, नेते. मग झोपली ती.

हौशीराम : हे तू मला न्हाई सांगितलं.

राजनंदिनी : कुणालाच नाही सांगितलं. ते माझ्याजवळ होतं तेवढंच. आणि ते मी त्या तिघांना देऊन आले. एक बाई रडल्या. सरांनी तिथंच सांगितलं, तुझी जागा पक्की समज. खाली तुम्ही रसाचा ग्लास घेऊन हसत उभे होता. मी झालं चांगलं एवढंच म्हटलं, आप्पा.

हौशीराम : आन् ते दुसरं कॉलेज? त्याची तारीख हुकली म्हनालीस.

राजनंदिनी : हुकली नव्हती. तिथंही मुलाखतच होती. गेले असते तर पुन्हा तेच सांगितलं असतं, आणि या वेळी जास्त चांगलं सांगितलं असतं. त्याची भीती वाटली मला. विद्यापीठात नुसती एन्ट्रन्स होती. पेपर सोडवला, यादीत नंबर आला. फॉर्मवर आईचं नाव लिहायचं होतं, ते लिहिलं. ती आहे का, हे तिथं कुणी विचारलं नाही.

हौशीराम : करमतं का तिथं?

राजनंदिनी : नाही करमत. मोठं आहे फार, झाडंच झाडं. मेसमध्ये एकटीच जेवते. रविवारी कधी कधी दिवसभर तोंड उघडायची वेळ येत नाही. पण मागच्या आठवड्यात सरांनी मला फळ्यावर बोलावलं, सगळ्या वर्गासमोर. गणित चुकलं. म्हणाले, चूक आहे, पुन्हा कर. बाकी काही नाही. मला इतकं बरं वाटलं.

हौशीराम : चुकलं म्हनून?

राजनंदिनी : हो.

हौशीराम : मला बी त्या पंगतीत बरं वाटलं व्हतं, नंदे. खोटं कशाला बोलू. मामा गप झाला म्हनून न्हाई. घरी गेलं की कुलूप काढायचं, सकाळचं गार खायाचं, हे रोजचंच. पर आपल्यापायी कुनीतरी थांबलंय, असं तोंडानं म्हनलं की जरा ऊब वाटती. म्हंजी तू त्या बाईला रडवलं, आन् मी वरवंडच्या बायकांना.

राजनंदिनी : तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगितलं.

हौशीराम : ठावं हाय. एक सांग. घरी ने म्हनाली, ते... ती घरातच तर व्हती.

राजनंदिनी : आप्पा, जाऊ द्या.

हौशीराम : कुठल्या घरी म्हनाली?

राजनंदिनी : दौंडला, माहेरी.

हौशीराम : व्हय. आसंल. लगीन होऊन आली तवा पयलं वरीसभर तिला झोप यायची न्हाई. म्हनायची, हितं रेल्वेचा आवाज न्हाई. मला वाटलं व्हतं, पुढं सवय झाली आसंल. ती बी कवा बोलली न्हाई आन् मी बी इचारलं न्हाई.

राजनंदिनी : म्हणून नव्हते सांगत.

हौशीराम : बरं केलंस. आता सांगितलंस ते बी बरं केलंस. मामाला न्हाई सांगत मी हे.

राजनंदिनी : पुन्हा कुणी विचारलं तर?

हौशीराम : विद्यापीठात शिकती म्हनीन. तेवढंच. ही बघ, ही पुन्याची. पिशवी दे हिकडं. चढ आधी, मग देतो.

राजनंदिनी : येत्या शनिवारी नाही जमायचं मला.

हौशीराम : नको येऊ. अभ्यास कर. आन् पोचल्या पोचल्या फोन केलाच पायजे, असं काय न्हाई. वाटंल तवा कर. मी काय, घरीच हाय.