पाच घरचं पीठ

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी दादा गेला. चहा प्यायला, खुर्चीत बसला आणि गेला. मी समोर होतो.

आम्ही शिंपी. मूळचे महाराष्ट्रातले, पण कुठले ते आता घरात कोणाला सांगता येत नाही. पूर्वज देवासच्या दरबाराबरोबर तंबू आणि अंगरखे शिवायला आले, एवढंच ठाऊक. दरबार संपले तेव्हा बाबा मशीन घेऊन खातेगांवकडच्या एका खेड्यात राहायला गेले. तिथे मराठी घर आमचं एकच. दादा आणि मी तिथेच वाढलो, घरात मराठी, ओट्यावर मालवी, शाळेत हिंदी. दिवेलागणीला बाबा मशीन थांबवायचे, कात्री कपाळाला लावून बाजूला ठेवायचे, मग आम्ही शुभंकरोती म्हणायचो. उरलेल्या कापडातून आई राममंदिरातल्या देवांना शेले शिवायची, त्यामुळे गावच्या पटेलांकडे लग्न असलं की देवही वऱ्हाडात निघाल्यासारखे दिसायचे.

आमचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला कर्त्या पुरुषाने कोटंबा, म्हणजे देवाचं लाकडी भिक्षापात्र, हातात घ्यायचा, पाच घरांपुढे उभं राहून वारी मल्हारीची अशी हाक द्यायची आणि मिळेल त्या मूठमूठ पिठाची भाकरी देवाला दाखवायची. घरात धान्य असलं तरी मागायचं. पहिल्या वर्षी बाबा असे निघाले तर गावाला वाटलं, मास्टर, म्हणजे शिंपी, उपाशी पडला. दुपारी पटेलांच्या गड्याने गव्हाचं पोतंच आणून टाकलं, आईला म्हणे, बाई, मास्टर ने पहले क्यों नी बताया. बाबा शरमले, पोतं परत घेऊन गेले, पटेलांना, गाव त्यांना दाजी म्हणायचं, म्हणाले, दाजी, भूक नाही हो, वर्षातून एकदा मान खाली करायची म्हणून मागतो. पटेल हसले, म्हणाले, तो फेर हमारे घर से शुरू करना. पुढे गावच वाट बघायला लागलं.

बाबांनंतर दादा मागायचा. आम्ही नोकरीसाठी देवासला आलो, तरी चंपाषष्ठीला दादा बसने गावी जायचा आणि मी पिशवी धरून त्याच्या मागे. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांत हाक मी एकदाही दिली नाही. मला बोलणं जमत नाही. कॉलेजच्या लायब्ररीत होतो, तिथे शांतता राखा अशी पाटी, दादा म्हणायचा, ही नोकरी तुला देवानेच शोधून दिली.

वहिनी म्हणाली, वर्षभर सण नाहीत, पण कुळधर्म चुकायचा नाही, भावजी, तुम्ही जा. मंदार, दादाचा मुलगा, तिशी ओलांडलेला, इंदूरला कंपनीत आहे, तो म्हणाला, काका, आपल्याच बिल्डिंगमध्ये पाच जणांना आधी वाटीवाटी आटा देऊन ठेवू, मग तुम्ही जाऊन घेऊन या. वहिनी म्हणाली, आणि देवालाही सांगू, बाबा रे, तूही जेवल्यासारखं कर.  चंपाषष्ठीच्या सकाळी तो गाडी घेऊन दारात हजर.

मला भीती एकच, हाक निघाली नाही तर आमच्या घरात हे दादापाशीच संपणार.

पटेलांच्या घराला आता लोखंडी फाटक आहे. मी कोटंबा घेऊन उभा राहिलो आणि गळ्यातून आवाजच येईना. पटेलांची थोरली सून, कमलाभाभी, आता ऐंशीच्या घरात, मुठीत पीठ घेऊन आल्या. दादाची बातमी त्यांना कळली होती. पदराने डोळे पुसले, पण पीठ काही दिलं नाही, म्हणाल्या, छोटे भिया, बोलो तो सही, बिना माँगे मैं नी दूँ. मंदार मागून म्हणाला, अम्मा, रहने दो ना. त्या म्हणाल्या, तू चुप रे, तेरे दादाजी का, मास्टर का, नियम है.

मग मी हाक दिली. ती इतकी घोगरी निघाली की गोठ्यातली म्हैस तेवढी वळून बघायला लागली. भाभी म्हणाल्या, फेर बोलो, तुम्हारे खंडोबा ऊँचा सुनते होंगे. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो, वारी मल्हारीची, आणि तिथेच फाटकाला धरून रडलो, दादा गेल्यापासून पहिल्यांदा. भाभींनी मूठ कोटंब्यात रिकामी केली आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला, पीठ केसांना लागलं.

चार घरं झाली. पाचव्याला कुलूप, माणसं इंदूरला गेलेली. काय करावं म्हणून मी उभा, तर मंदारने कोटंबा माझ्या हातातून घेतला आणि शेजारच्या नव्या घरापुढे गेला. तिथे मोबाइल दुरुस्त करणारा एक जण राहतो, आम्हाला ओळखत नाही. मंदारने हाक दिली, स्वच्छ. लहानपणी तो दादाबरोबर यायचा, दहावीनंतर सोडलं होतं, मला वाटलं विसरला. तो माणूस बाहेर आला, भिया, कितना दूँ? मंदार म्हणाला, मुट्ठीभर, इससे ज्यादा हमको चलता नहीं. त्याच्या बायकोने मक्याचं पीठ आणून घातलं, आणि विचारलं, अगले साल भी आओगे क्या? मंदार म्हणाला, आएंगे.

देवासला परतल्यावर वहिनीने भाकरी केली. गहू, ज्वारी, मका एकत्र, कडा चिरल्या. देवाला दाखवली, आम्ही तिघांनी तुकडा तुकडा खाल्ला.

दादा नाही. गावात आमचं घर उरलेलं नाही. देणारी पाच घरं आहेत, त्यांचं भलं होवो. मागणारे आम्ही दोघे आहोत.