जीपमधल्या पिवळ्या दिव्याबाबत

मी, निर्मला गोरक्ष कोकरे, वय ४८ वर्षे, धंदा शेती व मेंढ्या, राहणार लोणी, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, त्या सकाळी मी मेंढ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या गोळा करत होते. त्याआधी कोकरांना पाजून झालं होतं, चुलीवर पाणी चढलं होतं आणि टोमॅटोचे क्रेट पिकअपमध्ये भरले होते. ते नारायणगावच्या बाजारात न्यायचे होते. माझे पती हयात नाहीत. पिकअप मीच चालवते. मला गाडी त्यांनीच माळावर शिकवली.

तेवढ्यात माझे धाकटे दीर बाळासाहेब त्यांची जीप घेऊन दारात आले. जीप काळा धूर टाकत होती आणि आमचा एवढासा चढ तिला चढवत नव्हता. आत वेगाच्या काट्याजवळ इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. सदर जीप बाळासाहेबांनी वारूळवाडीच्या संपत यमाजी बरकडे यांच्याकडून जुनी घेतली आहे. संपत हे आमचे होणारे व्याही आहेत. बाळासाहेबांची मुलगी प्रांजल हिचं लग्न संपत यांचा मुलगा भैरवनाथ याच्याशी ठरलं आहे.

जीपचा व्यवहार कागदावर होण्याआधी आमच्या वाडीवरच्या बिरोबापुढे झाला. संपत यांनी बेल-भंडारा, म्हणजे बेलाचं पान आणि देवाची हळद, उचलून सांगितलं की गाडीत खोट नाही आणि मी काही लपवलेलं नाही. आमच्यात बेल-भंडारा उचलला की पुढे कोणी विचारत नाही. खोटा उचलला असं ठरलं, तर त्या घराशी सोयरीक होत नाही. म्हणून हे प्रकरण जीपपुरतं नव्हतं.

बाळासाहेब अंगणातच म्हणाले, "वहिनी, देवापुढं भंडारा उचलून खोटं बोलला ह्यो माणूस. आधीचा दिवा पुसून गाडी माझ्या गळ्यात मारली. त्याच्या घरी पोरगी द्यायची व्हय?" दुसऱ्या दिवशी मंचरला बस्ता होता, म्हणजे लग्नाच्या साड्या-कापडं घ्यायची होती. तो मोडला असं ते म्हणाले. प्रांजल तिथेच उभी होती. शेळीचं दूध काढून झालेलं होतं, तरी ती भांडं घेऊन पुन्हा काढायला बसली.

मी भावजींना म्हणाले, आधी माझ्या यंत्राने बघू. त्यांनी ऐकलं नाही. ते तशीच धूर टाकत जीप घेऊन पोलीस ठाण्याला निघाले. मी टोमॅटोसकट त्यांच्या मागे पिकअप काढली. वाटेत त्यांच्या धुराने मला काही दिसत नव्हतं.

यंत्राबाबत विचारल्यावरून सांगते. ते काडेपेटीएवढं आहे. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथे ते बसतं. ब्लूटूथने फोनला जोडलं की गाडीचं काय दुखतंय त्याचा कोड फोनवर येतो. ते महाग नसतं. माझ्या पतींनी ते ऑनलाइन मागवलं होतं. पार्सल ते गेल्यानंतर आलं. कुरिअरवाल्याने गोरक्ष कोकरे कोण म्हणून विचारलं, मी सही करून घेतलं. सोबतचा कागद इंग्रजी होता. मी शाळेत गेलेले नाही. एसटीच्या पाट्या आणि खताच्या गोण्या वाचत मराठी वाचायला शिकले. इंग्रजीवर फोनचा कॅमेरा धरला की मराठी दिसतं, तसं करून तो कागद वाचला. आता लोणीतले लोक गाड्या घेऊन माझ्याकडे येतात. कोणी ताक देतं, कोणी नुसतं बसून जातं.

बाळासाहेबांनी फसवणुकीचा अर्ज दिला. पोलिसांनी फोन केल्यावर संपत बरकडे आले. ते चिडलेले नव्हते. ते म्हणाले, "गाडी खोटी निघाली तर माघारी घेतो, राव. पण भंडारा खोटा उचलला म्हणू नका. तेवढं नाय ऐकवत." त्यानंतर ते लिंबाच्या झाडाखाली पाठ करून बसले.

मी ठाणे अंमलदारांची परवानगी घेतली आणि ठाण्याच्या आवारात जीपला यंत्र लावलं. तेव्हा बाळासाहेब सगळ्यांपुढे म्हणाले, "वहिनी, तुमच्या पिकअपात दोन वर्सं दिवा पेटलाय, त्यो जाईना, आन् निघाल्या माझी जीप तपासायला."

याबाबत पोलिसांनी विचारल्यावरून सांगते की, ते खरं होतं. आमच्या पिकअपचा दिवा पती होते तेव्हापासून लागलेला होता. त्यासाठीच त्यांनी यंत्र मागवलं होतं. धुराच्या नळीवरच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली होती. गाडी चालत होती. वायर जोडणं अवघड नाही. वायर जोडली की फोनवरून कोड पुसायचा असतो. पुसायला गेलं की फोन विचारतो, नक्की पुसायचं का. तो प्रश्न आला की मी फोन बंद करत होते, म्हणून वायरही तशीच राहिली होती.

जीपच्या तपासणीत दोन गोष्टी आढळल्या. पहिली अशी, की कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली तेही गाडी सांगते. जीप साडेनऊ हजार किलोमीटर चालली होती. बाळासाहेबांनी ती घेतल्यापासून लोणी ते मंचर अशीच फिरवली आहे, ते हजार किलोमीटरही भरत नाही. म्हणजे विकताना संपत यांनी काही पुसलेलं नव्हतं. मी तो आकडा ठाणे अंमलदारांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि बाळासाहेबांना पाहायला दिला. बाळासाहेबांनी फोन उलटा धरला होता, तो अंमलदारांनी सरळ करून दिला.

दुसरी गोष्ट कोडची. इंजिनाला हवा पुरत नाही असा तो होता. हवा जिथून आत जाते तिथे फिल्टर असतो. मी त्याच्या डब्याचे चिमटे काढून झाकण उघडलं. आतला फिल्टर काळा असायला हवा होता, तो पिवळाजर्द होता. हळदीचा वास सगळ्या आवारात पसरला.

संपत लिंबाखालून उठून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पावणं, इंजिनाची तळी भरली का काय?"

अंमलदार हसले. मी पण हसले.

हा भंडारा कुठून आला असं विचारल्यावरून सांगते की, आदल्या दिवशी बिरोबाची पालखी याच जीपमधून निघाली होती. पालखीच्या गाडीवर आमच्याकडे भंडारा उधळतात. देवापुढे गाडी बंद ठेवत नाहीत, तसं केलं तर देवाला अडवल्यासारखं होतं. बाळासाहेबांनी बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, ओंजळी भरभरून भंडारा आत टाकला. मग भावकीनेही टाकला. मी तिथे हजर होते व हे डोळ्यांनी पाहिलं आहे. चालू इंजिन हवा ओढतं, तसा त्याने भंडाराही ओढला.

बाळासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "देवाच्या भंडाऱ्यानं गाडी बिघडली असं कागदावर लिहून देणार का तुमी?"

मी म्हणाले, "भंडाऱ्यानं न्हाई, भावजी. भंडारा कपाळाला लावायचा असतो. गाडीला कपाळ कुठंय?"

तरी हे प्रकरण याच शब्दांत लिहावं अशी माझी विनंती आहे.

फिल्टर जमिनीवर झटकू नका, भंडारा पायाखाली येईल, असं बाळासाहेब म्हणाले. संपत यांनी आपलं उपरणं पसरलं, त्यावर फिल्टर झटकला. मी कोड पुसला. फोनने विचारलं, मी लगेच हो दाबलं. जीप सुरू केल्यावर दिवा लागला नाही आणि धूरही राहिला नाही. संपत यांनी उपरण्यातला चिमूटभर भंडारा घेऊन बाळासाहेबांच्या कपाळाला लावला. बाळासाहेबांनी मान खाली करून लावून घेतला. मग ते म्हणाले, "उद्या बस्त्याला लवकर निघा. आमच्या बायका लई वेळ लावत्यात." मी प्रांजलला फोन करून सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली आणि फोन ठेवायचा विसरली. मला बराच वेळ शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं.

त्यानंतर पोलिसांच्या गाडीलाही यंत्र लावून पाहिलं. त्यात काय निघालं ते इथे लिहू नये असं सांगितल्याने लिहिलेलं नाही. टोमॅटो बाजाराला उशिरा गेले.

अर्ज दिलेला असल्याने तो निकाली काढण्यासाठी सगळ्यांचे जबाब लागतात, म्हणून आज बोलावल्यावरून आले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. अंमलदारांनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला, मी पेन मागितलं. ते जबाब वाचून दाखवणार होते, तर मीच तो घेऊन मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. एक ओळ राहिली होती, ती खाली घालायला लावली.

जीप तपासली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या पिकअपची वायर जोडली, फोनने विचारल्यावर हो दाबलं, आणि प्रांजलला शेजारी बसवून बस्त्याला नेलं.