गाय माझ्या नावावर हाय

…माझं म्हननं एवढंच हाय, की जनावराला एवढी अक्कल पायजेच कशाला? वैरन खायची, रवंथ करायचा, दूध द्यायचं, इषय संपला! धार काढायला बाप्या बसलाय का बाई बसलीय, ह्याची चौकशी गाईनं कशापायी करावी? तुमाला सांगतो, आख्ख्या पारनेर तालुक्यात मला उलटं बोलनारा मानूस न्हाई, पन ती मैना… चार पायांची, मुकी, माझ्याच गोठ्यात माझीच पेंड खानारी… तिनं माझी जी इज्जत काढली ना, ती दुश्मनानं काढली नसती. आन् गाय कुनाची? माझी! कानातला पिवळा बिल्ला कुनाच्या नावावर? भागवतच्या, म्हंजी माझ्या. डेअरीतलं खातं कुनाच्या नावावर? माझ्या. आता गाईला वाचता येत न्हाई त्याला मी काय करनार?

तर झालं असं. तालुक्याच्या दूध संघानं औंदा 'आदर्श गोपालक' असा पुरस्कार काढला. शाल, नारळ, हातभर ट्रॉफी, आन् गावच्या डेअरीपुढं फोटोचा ह्यो एवढा फ्लेक्स. आता गावात आदर्श म्हनल्यावर दुसरं कोन हाय? मी लगोलग नाव दिलं. वाल्मिकच्या सलूनात बसून फोटोला कोनती बाजू चांगली दिसंल तेबी ठरवून टाकलं. अट एकच हुती. कमिटी कवाबी धारेच्या टायमाला घरी येनार, गोपालकानं आपल्या हातानं धार काढून दाखवायची, आन् साहेब जनावराची चौकशी करनार. म्हनलं, या की! धार काढायला काय अक्कल लागती का? ल्हानपनी म्हशीच्या धारा काढल्यात मी, बादलीला फेस यायचा. आता रोज काढत न्हाई ही गोष्ट येगळी. रोज आरती काढती. आरती म्हंजी आमची मंडळी.

शेन ती काढती, वैरन ती कापती, गाय ती धुती, धार ती काढती… पन ते समदं हातापायाचं काम हो. डोक्याचं काम माझ्याकडं. डेअरीला किटली कोन पोचवतो? मी. तुमी म्हनाल त्यात काय येवढं, पन आमच्या रस्त्याला खड्डे बघितलेत का? मोटारसायकलला किटली अडकवायची आन् थेंब न सांडता न्यायची म्हंजी… असू द्या. मोठेपना सांगनारा मी न्हाई. गाय माझ्या नावावर हाय, तवा काळजीबी माझ्याच नावावर.

आन् नेमकं त्याच हप्त्यात हिच्या भावाच्या पोराचं जावळ निघालं, शेवगावला. गाय आल्यापासून ही माहेरी मुक्कामाला म्हनून गेलेली न्हाई. सकाळची धार काढून जायचं, सांजच्या धारेला परत. लगीन असू द्या, बारसं असू द्या, बाकीच्या बहिनी गप्पा मारत बसायच्या आन् हिची पिशवी खांद्याला. शेवटी तिच्या आईनं फोनवर मलाच इचारलं, जावईबापू, एक रात ठेवता का पोरीला? म्हनलं, एक कशाला, दोन ठेवा! मी हाय ना हितं! मोठं मन हाय आपलं. तर ही निघताना मलाच शिकवाया लागली… आधी कोमट पान्यानं कास धुवा, पाठीवरनं हात फिरवा, उजव्या अंगानं बसा, मोबाईल वाजू देऊ नका… म्हनलं, आरती, तू मला शिकवतीस व्हय? गाय माझ्या नावावर हाय. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. गाईकडं बघितलं, तिच्या कपाळावर हात ठेवला आन् गेली एसटीला.

आन् त्याच दिवशी, बरं का, त्याच दिवशी उन्हं कलायला डेअरीच्या सेक्रेटरीचा, कारभारीचा फोन, का कमिटी निघालीय, आजची धार तुमच्याकडंच. म्हनलं येऊ द्या! इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसं पान्यानं बसवली, घासलेली बादली घेतली आन् गेलो गोठ्यात. मैनानं एकदा वास घेतला… आन् अशी बघाया लागली, जनू मी बिगरबोलावता तिच्या घरी जेवायला आलोय. बसलो खाली, सडाला हात लावला, तर लाथ! बादली एकीकडं, मी एकीकडं, शर्टावर शेन. परत बसलो. गोंजारलं, मैनाबाई म्हनलं, राजा म्हनलं. पेंडीची पाटी पुढं ठेवली. पेंड खाल्ली, पाटी चाटूनपुसून ठेवली, आन् पान्हा चोरून उभी. थेंब न्हाई हो! म्हनलं, अगं बया, मालक हाय मी तुझा, बिल्ला हाय तुझ्या कानात! गाय माझ्या नावावर हाय हे समद्या गावाला माहीत, निस्तं गाईला कुनी सांगितलेलं न्हाई.

आमची आई, मालनबाई, गोठ्याच्या दारात बाजेवर बसून हे बघत हुती. मदत करायची सोडून सुपात मटकी निवडत हुती. म्हनली, "तिला आरतीचा वास पायजे. आरतीचा गाऊन घाल."

तुमाला सांगतो, हादरलो मी. मी! गावच्या तंटामुक्तीच्या कमिटीवर बसनारा मानूस, आन् बायकूचा गाऊन घालू? लोक काय म्हनतील? आई म्हनली, लोकांचं लोक बघतील, कासंत दूध राहिलं तर रातभरात कास दगडावानी हुईल, मग आरती आल्यावर तिला तूच तोंड दाखव. आता कासंचा सवाल आला म्हनल्यावर… आन् पुरस्काराचाबी आलाच की. मनात म्हनलं, कमिटी यायच्या आत गाईला पान्हवून घेऊ, एकदा धार लागली का गाऊन काढून फेकू, शर्टात बसू, कुनाला काय कळतंय?

घातला. दांडीवरचा, तिनं सकाळीच अंगातनं काढून टाकलेला, हिरव्या फुलांचा. दंडात करकचून बसला, खाली निम्म्या नडग्या उघड्या. आई म्हनली मिशा झाक, तर आरतीचाच स्कार्फ तोंडाला गुंडाळला, निस्ते डोळे उघडे. आन् गेलो… मैनानं वास घेतला, मोठा सुस्कारा टाकला आन् पान्हा सोडला की हो! बादलीत चळ्ळ चळ्ळ धारा! मला आनंद झाला का राग आला ते मलाच कळंना. ज्या शर्टाला गाव रामराम करतं त्याला लाथ, आन् ज्याला तंबाखूची पुडी ठेवायला साधा खिसा न्हाई त्या गाऊनला पान्हा! ह्याला काय न्याव म्हनायचं का?

आन् तेवढ्यात दारात जीप थांबली.

आता उठावं तर कसं उठावं? निम्मी धार राहिलेली, बादली गुडघ्यात, अंगात गाऊन. दोघं उतरले. एक सुनील साहेब, संघाचे, आन् एक स्नेहल मॅडम, जनावरांच्या डॉक्टर. साहेब सरळ गोठ्यात आले, माझ्याकडं एकदा बघितलं, आन् माझ्या डोक्यावरनं आईला इचारलं, "मालक कुठायत?"

अवं मी तिथं! त्यांच्या बुटापासनं हातभर लांब! पन साहेबांची नजर माझ्यावरनं अशी गेली, जशी खुट्यावरनं जाती. आई शांतपनी म्हनली, का भागवत गेलाय गावात, यील एवढ्यात, ही सून हाय माझी, लई लाजाळू, परक्या मानसापुढं तोंड उघडत न्हाई. मला सांगा, आरती कवा लाजाळू हुती? पन मी मान खाली घातली. न घालून सांगतो कुनाला?

साहेबांनी इचारलं, गाय कितव्या वेताची? मी गप. एक तर बोललो असतो तर आवाजानं घात केला असता… आन् दुसरं म्हंजी, मला माहीतच न्हाई! भरवून गाभन कवा केली? गप. दूध आटवनार कवा? गप. मिनरल मिक्चर किती देता? आता ते काय असतं तेच मला आईशप्पत ठावं न्हाई. साहेब हसले आन् मॅडमला म्हनले, जाऊ द्या, बायकांना काय माहीत असणार, मालक आल्यावर विचारू.

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या! म्हंजी काय? हितं दिवसरात राबती तिला माहीत न्हाई, आन् तो सलूनात पेपर चाळनारा, त्याला माहीत असनार? असा कसा हिशेब? म्हनलं आता उठून साहेबाला दोन शब्द सुनवावं… आन् मग ध्यानात आलं, का तो सलूनात पेपर चाळनारा मीच! आता राग धरावा तर कुनावर धरावा? गप सड धरला.

तर आई बोलली. जी जल्मभर माझा भागवत, माझा भागवत करत आली, ती सूप बाजूला ठेवून म्हनली, "सायेब, समदं सूनच बघती. तिसरं वेत हाय, पौषात भरवलीय, तिनंच सांगितलं म्हनून मला ठावं. भागवतला इचारलं तर गाईला शिंगं किती तेवढं सांगंल." मी स्कार्फातनं आईकडं असं बघितलं… असं… तर ती म्हनली, अगं बघतीस काय, धार झाली न्हवं, पावन्यांला चहा टाक.

आता चहा! तुमाला सांगतो, ते घर मी बांधलं. फरशी माझ्या पसंतीची, ओटा माझ्या पसंतीचा, ओट्यावरची मोराची टाइल मी सोता नगरवरनं आनलेली. आन् त्या घरात साखर कुठं असती ते मला माहीत न्हाई! डबं उघडतोय… रवा, बेसन, शेंगदानं, परत रवा… साखर काय घावंना. शेवटी गूळ टाकला, तर दूध फाटलं. भाईर आई सांगती, लाडाची लेक वो, आईनं काय शिकवलं न्हाई. बिचारीची आई तिकडं शेवगावात, आन् हितं तिचा उद्धार चाललाय माझ्यापायी! झालं, आदर्श गोपालकाच्या घरी, बादली भरून दूध उंबऱ्यात, आन् पावन्यांला कोरा चहा!

ताट घेऊन भाईर आलो, तर मॅडम साहेबांना सांगत हुत्या, "नाव कुणी दिलंय ते राहू द्या सर. धार कोण काढतं, ते आपण डोळ्यांनी पाहिलं. पुरस्कार यांचाच." साहेबांनी आधी डोकं खाजवलं, मग मान हलवली, मग आईला नाव इचारलं. आन् आईनं, सख्ख्या आईनं, छाती फुगवून सांगितलं… आरती.

आता माझी गत बघा. हातात ताट, तोंडाला स्कार्फ. स्कार्फ काढावा तर पुरस्कार वाचतो आन् इज्जत जाती. न काढावा तर इज्जत वाचती आन् पुरस्कार जातो. फ्लेक्स चाललाय माझा, ट्रॉफी चाललीय, डोळ्यादेखत! गाय माझ्या नावावर हाय… हितं आलं हुतं, नरड्यापतुर… आन् मॅडमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हनल्या, "ताई, घाबरू नका. तुमच्या हक्काचंच आहे हे." हात जोडले. मला मैनाशेजारी उभं केलं आन् फोटो काढला.

दुसऱ्या सांजंला आरती आली, तर पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं समदं सांगून टाकलं. आरती गव्हानीवर बसून हसली, डोळ्यातनं पानी येईस्तवर हसली. मग म्हनली, मैनानं दूध समदं दिलं ना? म्हनलं दिलं. तर म्हनली, मग पुढल्या महिन्यात मी चार दिवस जानार हाय शेवगावला. इचारलं न्हाई हो, सांगितलं! आन् मी काय न्हाई म्हननार? डेअरीपुढं फ्लेक्स लागलेला. मैनाशेजारी तोंड बांधून मी, आन् खाली नाव, सौभाग्यवती आरती भागवत. रोज किटली घेऊन त्याच्याच खालनं जातो मी. कारभारी सेक्रेटरी त्या फ्लेक्सकडं बघून मला म्हनतो, वैनी फोटोत जरा दांडग्या दिसत्यात. म्हनलं, लाईट तसा पडलाय.

मग पारनेरला कार्यक्रम झाला. हॉल गच्च. मी पुढल्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात. आरती स्टेजवर गेली, शाल घेतली, ट्रॉफी घेतली, आन् तुमाला सांगतो, वाटलं थरथरंल, रडंल, तर कसलं काय… माईकपुढं अशी उभी राहिली, जशी गोठ्यात उभी असती. बरंबी वाटलं मला. आपलीच हाय म्हनलं. टाळ्या वाजवल्या, समद्यांच्या आधी वाजवल्या. तेवढ्यात मोठ्या पावन्यांनी कौतुकानं इचारलं, "आणि आपले मालक काय करतात?"

माझी मान ताठ झाली. आता सांगंल म्हनलं… घर ह्यांनी बांधलं, गाय ह्यांनी आनली, डेअरीला हेच जात्यात… आरतीनं माझ्याकडं बघितलं. हसली न्हाई, चिडली न्हाई, येळ सांगावी तशी माईकवर सांगितलं.

"काय न्हाई. घरीच असतात."

आन् समद्या हॉलनं मान हलवली हो! कुनाला काय वाटलंच न्हाई! मी उठलो. म्हनलं आता माईक हिसकावून सांगतोच, गाय माझ्या… तर घड्याळाकडं नजर गेली. आरतीला मॅडमनं बायकांच्या बैठकीला थांबवून घेतलेलं, आन् धारेची वेळ झालेली. मग काय करता? मोटारसायकलला किक मारली, आन् गाऊन वाळला असंल का न्हाई, ह्याच काळजीत घरी आलो.